मिरवणूक नंतर, आधी खांदे मळा

प्रेम खरं होतं, हे आधीच मान्य करून टाकतो. म्हणजे निम्मी भांडणं वाचतील.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणीच्या जैन मठाची महादेवी हत्तीण, म्हणजे सगळ्यांची लाडकी माधुरी, जुलै २०२५ मध्ये जामनगरच्या 'वनतारा'त नेली, तेव्हा अख्खं गाव रडलं. लोकांनी जिओची सिमं पोर्ट केली, सह्यांची मोहीम चालवली, ३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरपर्यंत पायी मोर्चा काढला. हे नाटक नव्हतं. एसीत बसून 'अडाणी लोक' म्हणणाऱ्या आपल्या आयटीवाल्यांनी हे आधी डोक्यात घ्यावं. जी तीसेक वर्षं डोळ्यांसमोर असते, ती घरचीच होते.

पण माझा प्रश्न साधा आहे. तिचे पाय कोणी बघितले?

मठाचं म्हणणं, काळजी घेत होतो. मुंबई उच्च न्यायालयासमोरच्या अहवालांत मात्र कुजलेले पाय होते, वाढलेली नखं होती, जखमा होत्या. १६ जुलै २०२५ च्या निकालात न्यायालयाने मठाच्या धार्मिक हक्कापेक्षा तिच्या धड जगण्याच्या हक्काला वरचं स्थान दिलं. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. बरं, जखमा क्षणभर बाजूला ठेवा. हत्तीण आई-मावश्या-बहिणींच्या कळपात जन्म काढते. माधुरीने तो माणसांच्या गर्दीत काढला. गर्दी म्हणजे कळप नव्हे हो!

आमच्याकडे चांदवडला श्रावण अमावास्येला पोळा असतो. आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने मळतात. झुली, गोंडे, वाजंत्री सगळं नंतर. मला हे खांदे मळणं फार मोठं वाटतं, कारण त्यात कबुली आहे: बाबा रे, तुला इथे दुखतं, आणि ते आमच्यामुळे. परवा परत जू ठेवणार, हेही खरंच. पण निदान दुखतं कुठे, ते शेतकऱ्याला ठाऊक असतं. आणि गोठ्यात शेजारी जोडीदार असतो.

माधुरीच्या वाट्याला आधी मिरवणूक आली. खांद्याचा विषय थेट कोर्टात निघाला.

"वनतारा म्हणजे जंगल आहे का?" नाही. तो एका बड्या उद्योगसमूहाचा प्रकल्प आहे, आणि तिथलेही पाय, तिथलीही जमीन तपासली गेलीच पाहिजे. पण समोरच्याच्या चुका मोजून आपल्या हत्तिणीची नखं कापली जात नाहीत.

ऑगस्ट २०२५ मध्ये वनताराने नांदणी परिसरातच हत्तींसाठी केंद्र उभारायला मदतीची तयारी दाखवली. मग मागणी तिथे न्या ना! नुसतं 'माधुरी परत द्या' नको. मऊ माती, डुंबायला पाणी, सोबतीला दुसऱ्या हत्तिणी, बारमाही डॉक्टर. साखळी नको, मिरवणूक नको. हे सगळं लेखी मागा, सही करायला मी पहिला येतो.

आणि एवढं करूनही डॉक्टर म्हणाले की तिला प्रवास झेपणार नाही, तर तिला तिथेच राहू द्यायची तयारी हवी. तेवढीही नसेल, तर आपल्याला माधुरी हवी आहे की आपली सवय, हे प्रत्येकाने स्वतःलाच विचारावं.