इंजिन खोललंच आहे, तर...

"इंजिन खोललंच आहे, तर बॅलन्सिंगपण करून टाकू." गाड्यांचं वेड असलेल्या कुठल्याही माणसाच्या तोंडून कधी ना कधी हे वाक्य निघतंच. घराला रंग द्यायला काढला की "आता काढलंच आहे, तर फरशीपण बदलू" असं होतं ना, त्यातलाच प्रकार. फरक एवढाच की फरशी दिसते. क्रँकशाफ्टचं बॅलन्सिंग कुणालाच दिसत नाही. त्यामुळे करणारे ते श्रद्धेनं करतात आणि न करणारेही श्रद्धेनंच टाळतात. माझं म्हणणं असं की मंडळी, हा श्रद्धेचा विषय नाहीच. हा वजनकाट्याचा विषय आहे.

निमित्त झालं माझ्या नांदेडच्या मामेभावाचं. त्याच्याकडे २००४ सालची मारुती एस्टीम आहे. १२९८ सीसी, ८५ बीएचपी, आणि वजनाला हलकी. २००७ मध्ये ही गाडी बंद झाली, पण ज्यांनी चालवली त्यांच्या डोक्यातून काही जात नाही. इंजिन धूर मारायला लागलं होतं. मग साधं 'हाफ इंजिन' न करता नीट रीबिल्ड करायचं ठरलं: हेड पोर्टिंग, जरा तिखट कॅमशाफ्ट, लेथवर हलकं केलेलं फ्लायव्हील आणि ६००० च्या पुढे, ७००० पर्यंत फिरायची तयारी. बोरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग लातूरच्या एका भरवशाच्या वर्कशॉपात. बजेट ऐंशी हजार, त्याच्या पगारातून साठवलेलं. म्हणजे एक गोष्ट घेतली की दुसरी सोडायची, असा सरळ हिशोब.

आता बॅलन्सिंगचा विषय निघाल्यावर दोन पक्ष पडले. लातूरच्या मिस्त्रींचं म्हणणं, "कंपनीनं केलेलंच असतंय की बॅलन्स. कामून बिनकामाचा खर्च करायलाव?" आणि भावाच्या पुण्या-बंगळूरच्या मित्रांचं म्हणणं, "बॅलन्स न करता परफॉर्मन्स इंजिन? वेडा आहेस का?" गंमत म्हणजे दोन्ही पक्षांपैकी कुणीही एकही पिस्टन काट्यावर ठेवला नव्हता. आमच्या धंद्यात प्रोफायलर न लावता कोड ऑप्टिमाइझ करणारे असतात, त्यांचेच हे सख्खे भाऊ.

तर आधी गणित. टायरवाल्याकडे चाकाचं बॅलन्सिंग सगळ्यांनी पाहिलेलं असतं. ताशी १०० ला एस्टीमसारख्या गाडीचं चाक मिनिटाला साधारण नऊशे फेरे घेतं. क्रँकशाफ्ट ६००० घेतो. असमतोलाचं बळ फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतं, त्यामुळे त्याच त्रिज्येवरचा तोच एक ग्रॅम इंजिनात चाकापेक्षा चाळीसपटीनं जास्त त्रास देतो. एस्टीमचा स्ट्रोक ७५.५ मिमी, म्हणजे क्रँकची त्रिज्या ३७.७५ मिमी. एका कनेक्टिंग रॉडचा खालचा, क्रँकवर बसणारा भाग बाकीच्यांपेक्षा ८ ग्रॅम जड असेल, तर ६००० आरपीएमला त्याचं बळ भरतं सुमारे १२ किलो, आणि तेही सेकंदाला शंभर वेळा दिशा फिरवणारं. ३००० ला तेच बळ फक्त ३ किलो. ७००० ला साडेसोळा.

बारा किलो ऐकून घाबरायला होतं. पण थांबा, दुसरी बाजूही बघा. त्याच इंजिनात पेट्रोल पेटतं तेव्हा ७४ मिमीच्या पिस्टनवर दोन टनांच्या आसपास दाब येतो. दर स्फोटाला दोन टन झेलणारं बेअरिंग बारा किलोनं मोडून पडत नाही. म्हणजे मिस्त्री अगदीच चूक नाहीत. स्टँडर्ड पार्ट, स्टँडर्ड रेडलाइन, आणि नांदेड-लोहा-अहमदपूर-चाकूर-लातूर असा प्रवास, ज्यात पाचव्या गिअरमध्ये इंजिन तीन-साडेतीन हजारांवर रमलेलं असतं... अशा गाडीला मशीनवरच्या बॅलन्सिंगनं फारसा फरक पडणार नाही. तिथं पैसे बेअरिंगच्या ऑइल क्लिअरन्सवर, ऑइल पंपावर आणि रेडिएटरवर घालावेत. नांदेडचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना रेडिएटरचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

अजून एक गैरसमज. बॅलन्सिंगनं पॉवर वाढत नाही. वाढतं ते इंजिनाचं आयुष्य, आणि कमी होते ती थरथर. तीसुद्धा सगळी नाही. चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात, त्यामुळे मुख्य बळं एकमेकांना खातात. पण क्रँकच्या दुप्पट वेगानं येणारी दुय्यम थरथर शिल्लक राहतेच. ती त्या इंजिनाच्या रचनेतच आहे. तिच्यावरचा उपाय म्हणजे उलट-सुलट फिरणारे बॅलन्स शाफ्ट. लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं शंभर वर्षांपूर्वी ते सुचवले, १९७० च्या दशकात मित्सुबिशीनं ते रोजच्या गाड्यांत आणले, आणि पोर्शनं ९४४ साठी मित्सुबिशीकडूनच त्यांचं लायसन्स घेतलं. लातूरचं असो की जर्मनीचं, कुठलंही बॅलन्सिंग मशीन ही थरथर काढू शकत नाही. तसं कुणी सांगत असेल तर नमस्कार करून निघावं.

मग निर्णय कसा घ्यायचा? माझ्या मते 'बॅलन्सिंग' या एका शब्दाखाली आपण दोन वेगळी कामं कोंबतो. ती आधी वेगळी करायला हवीत.

पहिलं काम वजनं जुळवण्याचं. चारही पिस्टन, गजन पिना आणि रॉड एकेक करून तोलायचे. रॉड नुसता अख्खा तोलून भागत नाही. त्याचं मोठं टोक आणि लहान टोक वेगवेगळं तोलावं लागतं, कारण एक टोक गोल फिरतं आणि दुसरं वर-खाली पळतं. मग सगळ्यांत हलका असेल त्याच्याइतके बाकीचे उतरवायचे, कंपनीनं त्यासाठी ठेवलेल्या जागेवरूनच घासून. याला लाखाचं मशीन लागत नाही. सोनाराकडे असतो तसा दशांश ग्रॅम दाखवणारा काटा, रॉड टांगायला एक साधा स्टँड आणि एक निवांत रविवार पुरतो. हे काम प्रत्येक रीबिल्डमध्ये झालंच पाहिजे, गाडी रेसची असो की आठवडी बाजाराची. फुकटात मिळणारी माहिती नाकारण्यात कसली आलीय काटकसर?

दुसरं काम क्रँक आणि फ्लायव्हील मशीनवर फिरवून असमतोल मोजण्याचं आणि काढण्याचं. त्याला पैसे लागतात, वेळ लागतो, आणि आमच्या ओळखीतल्या नांदेड-लातूरच्या एकाही वर्कशॉपात क्रँकचं मशीन नव्हतं. याची कसोटी माझ्या दृष्टीनं एकच: फिरणारा भाग बदललाय का? क्रँक वेल्ड केलाय, फ्लायव्हील हलकं केलंय, प्रेशर प्लेट दुसऱ्याच जातीची लावलीय, तर मशीन हवंच. यातलं काहीच नसेल तर नको.

भावाच्या बाबतीत फ्लायव्हील हा कळीचा मुद्दा होता. पाच किलोच्या फ्लायव्हीलचा वजनमध्य ०.१ मिमीनं, म्हणजे कागदाच्या जाडीएवढा सरकला, तर ६००० ला सुमारे वीस किलोचं बळ मागच्या मेन बेअरिंगवर गरगरत राहतं. आयएसओच्या तक्त्यात (जुना १९४०, आताचा २१९४०) रबरी माउंटिंगवर बसलेल्या असल्या इंजिनांच्या क्रँकला जी ४० ही श्रेणी दिलेली आहे. ६००० आरपीएमला ती मर्यादा येते ०.०६४ मिमी. लेथच्या चकात जॉब जरा तिरका बसला की तेवढं सहज ओलांडलं जातं, आणि डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नाही.

झालं असं की आधी काटा आला. नवे पिस्टन एकमेकांत दोन ग्रॅमच्या आत निघाले, उत्तम. पण एक रॉड इतरांपेक्षा अकरा ग्रॅम जड! पूर्वी कधीतरी कुण्या गॅरेजनं जुन्या बाजारातून आणून टाकलेला. त्या अकरातले आठ ग्रॅम मोठ्या टोकाला. वरचं गणित काल्पनिक नव्हतं, बरं का. "कंपनीनं केलेलंच असतं" हे खरं असतं, पण कंपनीनंतर वीस वर्षांत किती हात लागले हे कंपनीला कुठं माहीत? एवढं घासून काढण्यापेक्षा जुळणारा दुसरा रॉड शोधला.

मग क्रँक, फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट ट्रॅव्हल्सच्या डिकीतून हैदराबादला रवाना. नांदेडहून पुण्यापेक्षा ते कितीतरी जवळ. सरळ चार सिलिंडरचा क्रँक नुसताच फिरवता येतो. व्ही-इंजिनाला लागतात तशी खोटी वजनं त्याला लटकवावी लागत नाहीत, म्हणून पिस्टन-रॉड पाठवायची गरज नव्हती. एकच अट घातली: आधीचा आणि नंतरचा आकडा कागदावर हवा. कागद आला. नुसता क्रँक मुळातच मर्यादेत होता, मिस्त्रींना पूर्ण मार्क. फ्लायव्हील लावल्यावर मर्यादेच्या बाहेर, मित्रांनाही मार्क. दोन्ही पक्ष अर्धे बरोबर होते, आणि कुठला अर्धा ते कागदाशिवाय कळलं नसतं.

यासाठी पैसे कुठून आले? फ्री-फ्लो एक्झॉस्ट रद्द झाला. भाऊ दोन दिवस गप्प होता. साहजिक आहे. एक्झॉस्ट अख्ख्या गल्लीला ऐकू जातो, बॅलन्सिंगचं कौतुक करायला कोण येणार? पण एक्झॉस्ट पुढच्या दिवाळीतही लावता येईल, चार नट खोलून. क्रँकसाठी मात्र अख्खं इंजिन पुन्हा उतरवावं लागेल: गॅस्केट, ऑइल, मजुरी आणि मिस्त्रींचे टोमणे धरून. म्हणून बॅलन्सिंगच्या खर्चाची तुलना त्याच्या बिलाशी करू नये, इंजिन दुसऱ्यांदा खोलण्याच्या खर्चाशी करावी. "खोललंच आहे तर" या वाक्यात तथ्य आहे ते एवढंच. नंतर सहज करता येणाऱ्या गोष्टींना ते लागू होत नाही.

जाता जाता एक खंत. नांदेडला विष्णुपुरीत १९८१ पासून इंजिनिअरिंग कॉलेज आहे, लातूरलाही आहेत. मेकॅनिकलच्या पोरांना फिरत्या वस्तुमानाच्या बॅलन्सिंगवर अख्खा धडा असतो, गणितं घासून पास होतात सगळी. आणि त्याच गावांत डाळमिलचे ब्लोअर, मळणीयंत्रांचे ड्रम कानानं आणि हातानं बॅलन्स करणारे कारागीर आहेत. त्यांच्या हाताला मी कमी लेखत नाही. पण हाताला थरथर कळते, ती किती आणि कुठल्या कोनात ते कळत नाही. कॉलेजातला धडा आणि वर्कशॉपातला हात यांच्यामध्ये फक्त एका काट्याचं आणि एका कागदाचं अंतर आहे, आणि ते कुणी ओलांडत नाही.

गाडी सध्या रनिंग-इनमध्ये आहे, त्यामुळे "मक्खन चालतेय" वगैरे मी लिहिणार नाही. तसंही मक्खन हे काही एकक नव्हे. तुमच्यापैकी कुणी इंजिन खोलून बसला असाल, तर मित्रांना फोन लावायच्या आधी पिस्टन काट्यावर ठेवा. आकडा काय तो सांगेलच.