आपल्या पाड्याची भूक आपणच मोजू या

आषाढ लागला की अकोले तालुक्याच्या डांगाणात, जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर कणग्या तळाला जातात. नवी नागली-वरई घरात यायला दिवाळी उजाडते. मधले महिने कसे निघाले हे घरातली बाईच सांगू शकते. पण सर्व्हेवाले विचारतात घरधन्याला, तो म्हणतो, "भागतंय," आणि कागदावर तेवढंच उतरतं. असे कागद भरून नेणारे पुष्कळ येतात. त्यांनी काय लिहून नेलं ते गावाला कळत नाही.

तेव्हा ही मोजणी गावानेच करावी. बचत गटातल्या दोघी-तिघी, आशाताई आणि शिकलेली एखादी पोर एवढी माणसं पुरतात. अंगणात बारा महिन्यांचे बारा खण आखा. ज्या महिन्यात धान्य भरपूर, तिथे वालाचे जास्त दाणे. ओढ असेल तिथे कमी. मग विचारा: कणगी संपल्यावर धान्य कुठून येतं? मजुरीतून, उसनं, की दुकानदाराच्या उधारीवर? रात्री शेवटी कोण जेवतं, आणि तिच्या वाट्याला काय उरतं? हे बोलणं फक्त बायकांत बसून करा. आकडे सभेत वाचा, नावं वाचू नका. घरची उपासमार चव्हाट्यावर आलेली कोणालाच सोसत नाही, आणि एकदा दुखावलेलं घर पुढच्या वेळी खरं सांगत नाही.

रेशनचं खातं वेगळं मांडा. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो, अंत्योदय कार्डावर घराला 35 किलो धान्य मिळतं. जानेवारी 2023 पासून तेही फुकट. पावतीवर किती आणि पिशवीत किती, हे घरी येऊन तोला. कोणाचा अंगठा उठत नाही, कोणत्या सुनेचं, कोणत्या लेकराचं नाव अजून कार्डावर चढलेलं नाही, ते लिहा. दुकानाचं सामाजिक अंकेक्षण आणि दक्षता समिती या दोन्ही गोष्टी त्याच कायद्यात आहेत. तोंडी तक्रारीला दुकानदार हसतो, पण चाळीस घरांच्या पावत्या समोर ठेवल्या की हसत नाही. लहान मुलांसाठी अंगणवाडीत दंडाचा घेर मोजायची पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर 11.5 सेंटिमीटरच्या खाली गेला, तर सभेची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

नुसतं काय कमी आहे ते मोजून भागणार नाही, आपल्याकडे काय आहे तेही मांडा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण काळभातापासून घेवड्या-वालापर्यंतचं गावठी बियाणं त्यांनी घरोघर फिरून जमवलं. 'बायफ' संस्थेची साथ मिळाली, बियाणं बँक उभी राहिली. बियाणं न्यायचं आणि पीक आल्यावर दुप्पट परत करायचं, असा तिथला व्यवहार. 2020 च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पुरस्कार बाजूला ठेवा. कोणत्या म्हातारीच्या गाडग्यात कसलं बी आहे याची चौकशी कोणत्याही गावाला फुकटात करता येते. हायब्रीड पेरू नका असं माझं म्हणणं नाही. पण पाऊस लांबला आणि दुबार पेरणीची वेळ आली, तर हाताशी घरचं बी असावं.

रानभाज्यांचंही तसंच. शेवळं काकडाच्या फळाबरोबर शिजवली नाहीत तर घसा खाजतो, कडूकंद नीट धुतल्या-उकडल्याशिवाय खाता येत नाही. हे सगळं ज्यांना ठाऊक आहे त्या आता थकल्या आहेत. त्यांच्याबरोबर पोरींना रानात पाठवा, आणि कोणती भाजी कुठे, कधी उगवते, कुठली आता दिसेनाशी झाली, ते वहीत उतरवून घ्या.

आषाढात मोजणी उरकली तर 15 ऑगस्टची ग्रामसभा गाठता येते. तिथे आकडे वाचा आणि मागण्या नेमक्या ठेवा: अमुक घरांना कार्ड, ओढीच्या महिन्यांत रोजगार हमीचं काम, बियाण्यासाठी एक खोली. ठराव इतिवृत्तात लिहिला गेल्याशिवाय उठू नका, आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून त्याची सहीशिक्क्याची नक्कल मागून घ्या.