रिपोर्ट आहे, पण कोणत्या चिक्कीचा?

डिसेंबर २०१८ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने लोणावळ्याच्या मगनलाल चिक्कीचे उत्पादन आणि विक्री थांबवायला सांगितले. नाव मोठे असल्याने बातमी देशभर गेली. आक्षेपाचा मुद्दा होता तपासणीचा: अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे मालाची चाचणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून करून घेतल्याची पूर्तता झाली नव्हती. या प्रकरणाकडे एका दुकानाची अडचण म्हणून पाहणे चूक आहे. लोणावळा-खंडाळ्यापासून कामशेत, वडगाव, तळेगावपर्यंत महामार्गावर चिक्कीची पाकिटे रचलेली दिसतात. त्यातल्या कोणत्या पाकिटातला माल तपासलेला आहे आणि कोणत्या नाही, हे गिऱ्हाइकाला दुकानात उभे राहून आजही कळत नाही.

नियम स्पष्ट आहे. २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. त्याखालच्या परवान्याच्या अटींमध्येच लिहिले आहे की उत्पादकाने आपल्या मालातले रासायनिक आणि जिवाणूजन्य दूषण, स्वतःच्या किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, किमान सहा महिन्यांतून एकदा तपासून घ्यावे. परवान्याऐवजी नुसत्या नोंदणीवर चालणाऱ्या छोट्या उत्पादकाला ही अट नाही; त्याच्यावर स्वच्छतेचे प्राथमिक नियम तेवढे आहेत. म्हणजे घरामागच्या भट्टीवर होणारी चिक्की बहुधा तपासणीविनाच दुकानात पोचते.

चिक्कीत तपासायचे काय, असे विचारणाऱ्यांनी शेंगदाण्याची गोणी उघडून पाहावी. ओल लागलेल्या शेंगदाण्यावर ॲस्परजिलस नावाची बुरशी वाढते आणि ती अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. शेंगदाणे भाजले की बुरशी मरते, पण विष पुरते जात नाही. गुळाच्या गोडीत कुबट वासही झाकला जातो. या विषाची ओळख जगाला १९६० मध्ये इंग्लंडमध्ये झाली. तिथे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले आणि शोध घेता घेता माग त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत पोचला. आपल्याकडे १९७४ मध्ये गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांत बुरशी लागलेला मका खाऊन ३९७ माणसे आजारी पडली, त्यातली १०६ दगावली. अवकाळी पावसात भिजलेले कणीस गरिबाने फेकले नाही, एवढेच त्या गावांत घडले होते.

लोणावळा ज्या मावळ तालुक्यात आहे, तिथे ही भीती दुप्पट आहे. तालुका भाताचा, शेंगदाणा बाहेरून येतो आणि इथल्या गोदामात थांबतो. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. भुशी धरणावर गर्दी लोटते आणि चिक्कीचा खप वाढतो तो नेमका याच दिवसांत, जेव्हा भिंतींना पाणी सुटलेले असते. साठवणीच्या शेंगदाण्यातला ओलावा सात-आठ टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे. मावळातल्या जुलैत तो आपोआप राहत नाही; फळ्यांवर रचलेल्या गोण्या, कोरडे गोदाम आणि रोज हातात धरलेले ओलावामापक यंत्र लागते.

म्हणून फेब्रुवारीत केलेली चाचणी जुलैच्या गोणीबद्दल काहीही सांगत नाही. सहामाही चाचणी ही कायद्याने घातलेली किमान मर्यादा आहे; तीच पुरेशी मानणे धोक्याचे आहे. त्यातही नमुना कसा घेतला यावर सगळे अवलंबून असते. अफ्लाटॉक्सिन गोणीभर सारखे पसरत नाही. हजारो दाण्यांत एखादाच विषारी असतो. म्हणूनच कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न मानकांमध्ये सोललेल्या शेंगदाण्याच्या लॉटसाठी ठिकठिकाणाहून काढलेला एकूण २० किलोंचा नमुना सांगितला आहे. उत्पादकाने स्वतः निवडलेले पाव किलोचे पाकीट कुरिअरने प्रयोगशाळेत गेले, तर परत येणारा रिपोर्ट त्या पाकिटापुरताच खरा. रिपोर्टच्या तळाशी तसे छापलेलेही असते, आणि तेवढीच ओळ कोणी वाचत नाही.

कागदावर विसंबण्याची किंमत अमेरिकेने मोजली आहे. २००८-०९ मध्ये पीनट कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीच्या शेंगदाण्यांतून साल्मोनेला हा जिवाणू पसरला. ७१४ जणांचे आजारपण नोंदले गेले, नऊ जण मेले. कंपनी चाचणीचे निकाल येण्याआधीच माल पाठवत होती आणि सोबत खोटी प्रमाणपत्रे जोडत होती. सप्टेंबर २०१५ मध्ये तिच्या मालकाला २८ वर्षांची शिक्षा झाली. त्या मालाच्या खरेदीदारांकडे फाइलमध्ये प्रमाणपत्रे होती.

महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभव तर चिक्कीचाच आहे. १३ फेब्रुवारी २०१५ रोजी राज्याच्या महिला व बालविकास विभागाने एका दिवसात २४ आदेश काढून, निविदेऐवजी दरकरारावर, चिक्कीसह निरनिराळ्या वस्तूंची २०६ कोटी रुपयांची खरेदी मंजूर केली. अहमदनगर जिल्ह्यातून अंगणवाडीच्या चिक्कीत माती असल्याची तक्रार आली. आरोप झाले, ते मंत्र्यांनी फेटाळले, पुढे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने क्लीन चिट दिली. दर आणि निविदा यांवर वर्षभर वाद झाला. पण अंगणवाडीत बसलेल्या पोराच्या बाजूने एकच प्रश्न महत्त्वाचा होता: हा लॉट वाटपाआधी कोणी तपासला, आणि त्या तपासणीचे पैसे कोणी दिले? पुरवठादारानेच प्रयोगशाळा निवडायची, त्यानेच नमुना द्यायचा आणि त्यानेच फी भरायची, या रीतीत मुलाच्या वतीने बोलणारे कोणीच उरत नाही.

प्रयोगशाळेची निवडही डोळे उघडे ठेवून व्हायला हवी. मॅगी नूडल्सवरची बंदी मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट २०१५ रोजी रद्द केली, कारण ज्या प्रयोगशाळांच्या निकालांवर ती उभी होती त्यांना त्या तपासणीची रीतसर मान्यता नव्हती. नव्याने चाचणी मोहाली, हैदराबाद आणि जयपूरला करावी लागली. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता प्रत्येक चाचणीसाठी वेगळी असते. दूध तपासणारी प्रयोगशाळा अफ्लाटॉक्सिन तपासायला पात्र असेलच असे नाही. करार करण्याआधी मान्यतेची यादी मागवून तिच्यात आपली चाचणी आहे का, ते पाहावे लागते.

मावळातल्या चिक्कीवाल्यांनी हे एकेकट्याने करू नये. एकट्याला ते महाग पडते आणि म्हणून टाळले जाते. सगळ्यांनी मिळून एका प्रयोगशाळेशी वर्षाचा करार करावा. नमुना प्रयोगशाळेच्या माणसाने गोदामात येऊन स्वतः काढावा. पावसाळ्याच्या चार महिन्यांत शेंगदाण्याच्या प्रत्येक आवक लॉटचे अफ्लाटॉक्सिन तपासावे. तयार मालाला कायद्याची मर्यादा किलोला १० मायक्रोग्रॅम आहे. गुळाचा रंग उजळ करायला वापरलेल्या रसायनातून उरणारे सल्फर डायऑक्साइड ७० पीपीएमच्या आत आहे का, हेही पाहावे. तयार चिक्कीत साल्मोनेला तपासावा, कारण कोरड्या पदार्थात तो वाढत नसला तरी महिनोन्‌महिने तग धरतो. रिपोर्टवर बॅच क्रमांक असावा आणि तोच पाकिटावर छापावा. गोणी उतरताना करायची पट्टी-चाचणी काही मिनिटांत अंदाज देते. तिच्यात नापास झालेली गोणी भट्टीपर्यंत जाऊच देऊ नये. २०२० मध्ये केंद्राने सुरू केलेल्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत गटांच्या सामाईक सुविधांना ३५ टक्के अनुदान ठेवले गेले आणि त्यात शेतमालाच्या पारखणीची जागाही धरली होती. एकत्र येणाऱ्यांसाठी सरकारी वाट आहे, हे त्यावरून दिसते.

वडगावची पंचायत समिती आणि नगरपंचायत, तसेच लोणावळा नगरपरिषद यांच्याकडून अपेक्षा याहून कडक आहे. अंगणवाडी, शाळा किंवा कार्यक्रमांसाठी खाण्याचा माल घेताना तपासणीचा खर्च वेगळ्या शीर्षाखाली धरावा आणि प्रयोगशाळेचे पैसे खरेदीदाराने थेट द्यावेत. नमुना माल उतरल्यावर काढावा, आधी नव्हे. रिपोर्ट हाती येईपर्यंत वाटप नाही आणि बिलही नाही, ही अट निविदेतच असावी. सर्वांत कमी दराचा ठेका देताना तपासणीची रक्कम पुरवठादाराच्या दरात मिसळली, की ती सर्वांत आधी कापली जाते. खरेदी करणाऱ्या प्रत्येक कार्यालयाला हे ठाऊक आहे.

गिऱ्हाइकाच्या हातातही हत्यार आहे, पण ते फार थोडे जण वापरतात. कायद्याच्या कलम ४० प्रमाणे कोणीही विकत घेतलेला पदार्थ फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अट एवढीच की खरेदी करतानाच दुकानदाराला तसे सांगायचे. माल कायद्याच्या कसोटीला उतरला नाही, तर भरलेली फी परत मिळते.