कालथ्याला इंग्रजीत काय म्हणतात?

मंडळी, आज जरा वादाचं बोलणार आहे. मराठी माध्यमातून बी. ए. झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या आमच्यासारख्यांना रोजचं इंग्रजी शिकायचं असेल, तर त्यांनी व्याकरणाची पुस्तकं आणि 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी' छापाचे क्लास दोन्ही बाजूला ठेवावेत आणि सिनेमे बघावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आख्खा सिनेमा नव्हे हं! त्यातला एखादाच प्रसंग, दोन-चार मिनिटांचा, पुन्हा पुन्हा.

आमचं इंग्रजी म्हणजे कपाटातली पैठणी. आहे, पण रोज नेसवत नाही. तर्खडकरांची पाठमाला घोकून आम्ही कर्तरीचं कर्मणी करायला शिकलो, इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख आजही समजतो. पण कालथा? गाळणी? चिमटा? नळाची तोटी? 'डेमोक्रसी' येते आणि 'स्पॅच्युला' येत नाही, अशी गत. कारण उघड आहे. डेमोक्रसी परीक्षेत यायची, कालथा कधी आला नाही.

माझी एक मैत्रीण दर दोन वर्षांनी मुलाकडे न्यू जर्सीला जाते. चांगली शिकलेली बाई. सकाळी आठला मुलगा-सून कामावर, नात शाळेत. मग दाराची बेल वाजली की ही आतल्या खोलीत जाऊन बसते. का, तर तो काहीतरी विचारेल आणि मला उत्तर देता येणार नाही! नातीचं मराठी कच्चं, हिचं बोलायचं इंग्रजी कच्चं, म्हणून दोघी एकमेकींकडे बघून नुसत्या गोड हसतात. सहा महिने! हे मला फार लागलं.

तिला मी लावून दिला १९७९ सालचा 'क्रेमर व्हर्सेस क्रेमर'. बायको घर सोडून गेली आहे आणि डस्टिन हॉफमन मुलाला फ्रेंच टोस्ट करून घालतोय. कधी स्वयंपाकघरात पाऊल न टाकलेला बाप्या! अंडं मगात फोडतो, ब्रेडचा तुकडा मगात मावत नाही म्हणून दुमडतो, शेवटी तापलेल्या पॅनला हात भाजून घेतो. आपल्यापैकी प्रत्येकीने असा एक तरी पुरुष पाहिलेला आहे, त्यामुळे अर्थ सांगावा लागत नाही. सिनेमाच्या शेवटाकडे तेच बापलेक पुन्हा फ्रेंच टोस्ट करतात, पण जवळजवळ न बोलता. आता हात सराईत झालेत. तो प्रसंग तर शिकण्यासाठी सोन्यासारखा, कारण बोलायचं आपण. तो अंडं फोडतोय, क्रॅक. फेटतोय, व्हिस्क. बुडवतोय, डिप. उलटतोय, फ्लिप. मैत्रीण म्हणाली, "अगं, ही तर पोळ्या लाटतालाटता करायची उजळणी झाली!"

दुसरा माझा आवडता प्रसंग 'व्हेन हॅरी मेट सॅली'मधला (१९८९). सॅली हॉटेलात साधा अ‍ॅपल पाय मागवते, पण काय तिच्या अटी! पाय गरम हवा, आइस्क्रीम त्याच्यावर नको, बाजूला हवं. व्हॅनिलाऐवजी स्ट्रॉबेरी असेल तर बरं, नसेल तर आइस्क्रीम नकोच, फेटलेली साय द्या, तीही खरी असेल तरच. जर-तरची वाक्यं शिकवायला इतका चांगला धडा मी कुठल्या पाठ्यपुस्तकात पाहिला नाही. शिवाय 'ऑन द साइड' हे इतकं उपयोगी! सांबार वडीवर ओतू नका, वेगळं द्या, हे आपणही सांगतोच की. (त्याच सिनेमातला दुसरा हॉटेलचा प्रसंग मात्र नातवंडं शेजारी असताना लावू नका. आधीच सांगून ठेवते.)

यात एक पथ्य आहे. खाली अक्षरं लावायची ती इंग्रजीच, मराठी किंवा हिंदी नाहीत. भाषांतर दिसलं की डोळे तिकडेच पळतात आणि कान झोपतात. ऐकू येतं तेच लिहिलेलं दिसलं की शब्द पक्का बसतो. अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी यांनी हीच गोष्ट आपल्याकडे दूरदर्शनवरच्या हिंदी गाण्यांना लावली. गाणं हिंदी, खालची ओळही हिंदी. हेतू हा की जेमतेम अक्षरओळख असलेल्यांचं वाचन गाता गाता सुधारावं. शाळामास्तरणीला हे एकदम पटतं.

आमचे जावई म्हणतात, "आई, सिनेमातलं इंग्रजी शिकाल तर शिव्याच जास्त शिकाल." खरं आहे, हल्लीच्या सिनेमात त्या असतात. पण मंडईत भाजी घेताना आपण मराठीतल्या ऐकत नाही का? कळतात, म्हणून काही आपण त्या वापरत नाही. दुसरा आक्षेप अमेरिकी शब्दांचा. तिकडे पेट्रोलला गॅस म्हणतात आणि हॉटेलातल्या बिलाला चेक. 'पार्सल' म्हटलं तर त्यांना पोस्ट आठवतं, तिथे 'टु गो' म्हणायचं. पण ज्या गावाला जायचं तिथलेच शब्द लागणार ना!

कुणी म्हणेल, 'इंग्लिश विंग्लिश' (२०१२) मधली शशी गोडबोले तर क्लासला जाऊनच शिकली. मान्य. पण तिथे तिला बरोबरीची माणसं भेटली, एकमेकांच्या चुका सोसणारी. आपल्याकडच्या क्लासात पंचविशीतली मुलं मुलाखतीची तयारी करत असतात. त्यांच्यात बसून आमच्या मैत्रिणीने कालथ्याचं इंग्रजी कसं विचारावं?

असो. सध्या 'होम अलोन' (१९९०) चालू आहे. एकटा राहिलेला आठ वर्षांचा केविन दुकानात जाऊन दूध, संत्र्याचा रस, कपड्यांचा साबण घेतो, कूपन देतो आणि काउंटरवरच्या बाईच्या चौकशांना बेधडक उत्तरं देतो. मैत्रीण तो प्रसंग रोज दोनदा बघते. मे महिन्यात पुन्हा जायचंय तिला.

आता एक अडलंय. डॉक्टरला दुखणं सांगायचे शब्द हवेत. आपल्याकडे ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी, आणि पोटात नुसतं कालवतं ते आणखी वेगळं. इंग्रजीत तिला एकच 'पेन' येतं आणि तिकडे डॉक्टर तर 'कसं दुखतं?' हेच आधी विचारतात. यासाठी एखादा चांगला प्रसंग कुणाला आठवत असेल, तर सिनेमाच्या नावासकट कळवा. नागपूरच्या वन्सं, तुम्ही एवढे सिनेमे बघता, तुम्हीच सांगा बघू!