"जरा बघून घ्या" म्हणजे नेमकं काय?

बातमीसाठी सरकारी ऑफिसांत हेलपाटे मारताना एक वाक्य कायम कानावर पडतं. साहेब क्लार्कला म्हणतात, "जरा बघून घ्या." आता यातून फाईल दाबायची की आजच काढायची, हे साहेबांच्या चेहऱ्यावरून ओळखायचं. ज्याला ओळखता येतं तो हुशार!

पुढे चौकशी लागली की साहेब म्हणतात, "मी फक्त बघा म्हणालो होतो." खरंच की! सही क्लार्कची, नोटीसही त्यालाच.

आम्ही पत्रकार तरी कुठे वेगळे? पाण्याच्या टाकीच्या कामाची बातमी मी दिली होती. वरून निरोप आला, "बघू उद्या." मी काय ते समजलो आणि गप्प बसलो. नको असं कोणीच म्हणालं नव्हतं. बातमी मात्र कधीच छापली नाही. त्यात माझाही दोष आहेच.

रोजची कामं इशाऱ्यावर चालतात, चालू द्या. चहा सांगायला पत्र लागत नाही. पण लोकांच्या पैशाचा आणि हक्काचा प्रश्न असेल तिथं कागदच हवा. तोंडी आदेशावर अधिकाऱ्यांनी काम करू नये, आदेशाची नोंद ठेवावी, असं सुप्रीम कोर्टाने 2013 मध्येच टी. एस. आर. सुब्रमण्यम खटल्यात बजावलंय.

म्हणून क्लार्क मंडळींनो, "साहेब, फाईलवर दोन ओळी लिहा" म्हणायला शिका. आणि आपणही नुसतं "बघतो" ऐकून घरी येऊ नका. अर्जाची पोच मागा. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात येणाऱ्या सेवेचा अर्ज नाकारला, तर कारण लेखीच द्यावं लागतं.