सांगरीचा हिशेब कोण करणार?

राजस्थानात बिकानेर आणि फलोदीच्या वाळवंटी पट्ट्यात सौरप्रकल्पांसाठी खेजडीची झाडे तोडली जातात, म्हणून गेली काही वर्षे आंदोलने चालू आहेत. १७३० मध्ये याच झाडासाठी खेजडली गावात ३६३ बिश्नोईंनी प्राण दिले. त्यामुळे या वादाकडे श्रद्धेचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. ते अपुरे आहे. खेजडी, म्हणजे दसऱ्याला पूजली जाणारी शमी, हे मारवाडचे अन्नाचे झाड आहे.

चैत्र-वैशाखात, रानात हिरवे फारसे काही उरलेले नसताना, तिला कोवळ्या शेंगा येतात, त्याच सांगऱ्या. उकडून वाळवल्या की त्या वर्षभर टिकतात आणि केर, कुमट, गुंदे यांच्यासोबत पंचकुट्यात शिजतात. एके काळची ही दुष्काळातील भाजी आज शहरी बाजारात सुक्या मेव्याच्या भावाने विकली जाते. झाडाचा पाला शेळ्या-उंटांना लागतो आणि त्याच्या सावलीत बाजरीही चांगली येते. मात्र पाल्यासाठी हिवाळ्यात झाड छाटले, तर पुढच्या उन्हाळ्यात त्याला शेंगा धरत नाहीत. शेळी की सांगरी, हा निर्णय दरवर्षी घ्यावा लागतो.

लागवडीचा मार्ग आहे. बिकानेरच्या केंद्रीय शुष्क बागायती संस्थेने ‘थार शोभा’ हे वाण दिले आहे. बियांपासून वाढलेले झाड शेंगांवर यायला आठ-दहा वर्षे घेते. डोळा भरून केलेले हे कलम तीन-चार वर्षांतच शेंगा देऊ लागते. काटे जवळजवळ नसल्याने तोडणीही सोपी होते. पण सुरुवातीची वर्षे त्याला पाणी हवे, गुरांपासून राखण हवी आणि मुख्य म्हणजे जमीन हवी. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात दूर कुठे तरी रोपे लावण्याच्या आश्वासनात यांपैकी कशाचीच हमी नसते.

सौरऊर्जा देशाला हवी, यात वाद नाही. पॅनेलांवर झाडाची सावली चालत नाही, हेही खरे. तरी जमिनीचे भाडे मालकाला मिळते आणि शेंगा वेचणाऱ्या, शेळ्या चारणाऱ्या भूमिहीनांच्या हाती काहीच येत नाही. मुळे पोखरणारी अळी आणि बुरशी यांमुळे जुनी झाडे आधीच वाळत आहेत. भरपाई ठरवताना लाकडाऐवजी सांगरी आणि पाल्याचे वार्षिक उत्पन्न धरले, तर कित्येक झाडे वाचवून पॅनेलांची मांडणी करणेच प्रकल्पांना स्वस्त पडेल.