रोबो नाही म्हणून हात सोडून देऊ नका

लकव्यानंतर आजोबा काठी टेकत का होईना, चालायला लागले की घराला हायसं वाटतं. हात मात्र मांडीवर तसाच पडून राहतो. मग कुणीतरी मोबाईलवर हाताचा व्यायाम करून घेणाऱ्या रोबोचा व्हिडिओ दाखवतं आणि घरात प्रश्न उभा राहतो : दागिने गहाण टाकून त्यांना तिकडे न्यायचं का?

आधी ते यंत्र करतं काय, ते पाहा. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात तयार झालेल्या ‘एमआयटी-मानुस’मध्ये रुग्णाला खुर्चीत बसवून त्याचा हात पट्ट्यांनी आधाराला बांधतात. पडद्यावर ठिपका दिसला की हात तिकडे न्यायचा. जमलं नाही तर यंत्र हात पुढे नेतं, जमू लागलं की स्वतःचा जोर कमी करतं. न थकता शेकडो वेळा. यंत्राची खरी ताकद यातच आहे, कारण मेंदूचा शाबूत भाग नवं काम शिकतो तो पुन्हा पुन्हा केल्यानेच. म्हाताऱ्या माणसाचा मेंदूही शिकतो. ‘आता या वयात काय’ असं त्यांच्यासमोर तरी बोलू नका.

पण ब्रिटनमध्ये 770 रुग्णांवर याच यंत्राची चाचणी झाली आणि 2019 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. आठवड्यातून तीनदा, 45 मिनिटं, 12 आठवडे. हाताची हालचाल थोडी सुधारली. हाताने रोजची कामं करण्यात मात्र रोबोचा गट नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या पुढे गेला नाही. इतर लहान चाचण्या एकत्र पाहिल्या तर थोडा फायदा दिसतो. म्हणून माझं सांगणं असं : परवडत असेल, जवळ सोय असेल, तर जरूर न्या. आधी चार-सहा बैठकांचेच पैसे भरा आणि तिथल्या थेरपिस्टला विचारा, हा व्यायाम घरच्या कामाशी कसा जोडणार? कर्ज मात्र काढू नका.

घरी काय करायचं ते फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून शिकून घ्या. हात थोडासा हलत असेल तर टेबलावर टॉवेल अंथरा, त्यावर पंजा ठेवून तो पुढे सरकवायला सांगा. बोटं उघडत असतील तर मटार सोलायला द्या, वाटीतले शेंगदाणे डब्यात टाकायला द्या. अमेरिका-कॅनडातल्या एका पाहणीत असं दिसलं होतं की व्यायामाच्या एका बैठकीत हाताने प्रत्यक्ष काम करण्याच्या हालचाली तीसेकच होतात. बाकीच्या घरी व्हायला हव्यात, थोड्या थोड्या, दिवसभरात. आणि सूनबाई, घास भरवायची घाई करू नका. सांडू दे. अर्धा तास लागला तरी लागू दे.

खांद्याला जपा. लुळा हात धरून कुणालाही उठवू नका, खांदा निखळतो. सदरा घालताना तो हात आधी बाहीत, काढताना शेवटी. पंजा सुजला, मूठ आवळत चालली किंवा आजोबा सारखे रडू लागले, जेवेनासे झाले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.